याद्या न उघडता नावं जुळवताना : ऊसतोड महिलांच्या आरोग्य नोंदींचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणात तीन बाजू आहेत. छत्रपती संभाजीनगरमधल्या एका संगणकशास्त्र विभागातल्या प्राध्यापिका, बीड जिल्ह्यातलं एक धर्मादाय रुग्णालय आणि पश्चिम महाराष्ट्रातला एक साखर कारखाना. नावं कोणाचीच दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी त्याच विभागात शिकवतो. या कामाच्या बहुतेक बैठकांना हजर होतो, कोडचा काही भागही तपासला, पण निर्णय घेणाऱ्यांत नव्हतो.

नववीच्या गणितात दोन संचांचा छेद काढायला शिकवतात. मॅडमच्या संशोधनाची सुरुवात तिथूनच होते. दोन पक्षांकडे एकेक संच आहे, आपला संच कोणालाच दाखवायचा नाही, तरी छेदात काय आहे, किंवा नुसतं किती आहे, एवढंच कळलं पाहिजे. अँड्र्यू याओ यांनी १९८२ मध्ये दोन कोट्यधीशांचा प्रश्न मांडला होता: आपली संपत्ती उघड न करता दोघांत जास्त श्रीमंत कोण, हे कसं ठरवायचं? १९८७ मध्ये गोल्डराइश, मिकाली आणि विगडरसन यांनी दाखवलं की असं झाकून कोणतंही गणन करता येतं. करता येतं हे सिद्ध झालं. परवडतं का, हा प्रश्न पुढे कित्येक वर्षं पुरला. मॅडमचं बरंचसं काम या दुसऱ्या प्रश्नावर आहे. समोरचा पक्ष ठरलेल्या पायऱ्या सोडून लबाडी करू लागला, तरी त्याच्या पदरात जास्तीचं काही पडत नाही हे सिद्ध करायचं आणि तरीही खर्च आटोक्यात ठेवायचा. विभागात त्यांची ओळख फळ्यावरच्या बाई अशीच होती.

रुग्णालयाची गरज मात्र अगदी जमिनीवरची होती. बीडमधल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार महिलांच्या पाहणीची आकडेवारी आली आणि त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यानंतर या रुग्णालयाने टोळ्या निघण्याआधी, भाद्रपद-आश्विनात, गावोगाव तपासणी शिबिरं सुरू केली. रक्त कमी, अंगावरून जास्त जाणं, अंग बाहेर येणं, कंबरदुखी, अशा तक्रारींची नोंद व्हायची, गोळ्या दिल्या जायच्या आणि दोन महिन्यांनी परत बोलावलं जायचं. दोन महिन्यांनी ती बाई तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात असायची.

रुग्णालयाकडे फिरता दवाखाना एकच. एका कारखान्याशी बोलणं झालं आणि त्यांनी आपल्या हद्दीत गाडी यायला परवानगी दिली. पण कारखान्याची हद्द चार तालुक्यांत पसरलेली आणि बऱ्याच गटांत विभागलेली. गाडी कोणत्या गटात उभी करायची? शिबिरात ज्यांची नोंद झाली त्या बायका कोणत्या गटात किती गेल्या, एवढा आकडा मिळाला की प्रश्न सुटणार होता.

अडचण

एकाने यादी दुसऱ्याला द्यायची आणि एक्सेलमध्ये जुळवून घ्यायचं, इतकं हे सोपं दिसतं. दोघांनीही नकार दिला आणि दोघांचीही कारणं खरी होती.

कारखान्याच्या ऊसतोड-वाहतूक विभागातलं करारांचं रजिस्टर म्हणजे त्यांची तिजोरी. कोणत्या मुकादमाकडे, म्हणजे टोळी जमवून आणणाऱ्याकडे, किती कोयते, कोणाला किती उचल (आगाऊ रक्कम) दिली, हे बाहेर गेलं की शेजारचा कारखाना पुढच्या हंगामाला टोळी पळवतो.

रुग्णालयाची भीती जास्त गंभीर होती. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, खाडा पडला तर पैसे जोडीचे कापले जातात. बायको आजारी आहे हे मुकादमाला आधीच कळलं तर तो उचल कमी करतो, नाहीतर जोडी घेतच नाही. खाड्याच्या भीतीने गर्भाशय काढून मोकळं व्हायचं, हे जे चक्र २०१९ मध्ये समोर आलं, त्यालाच आरोग्य शिबिराची यादी हातभार लावेल, अशी शक्यता होती. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं, “यादी फुटणार असेल तर गाडी अंदाजाने उभी करू, पण हे काम करणार नाही.”

पहिला प्रस्ताव आणि तो का पडला

कारखान्याचं संगणकाचं काम बघणाऱ्या कंत्राटदाराने तोडगा सुचवला. दोघांनी मोबाइल नंबरांचे शा-२५६ हॅश, म्हणजे ठरलेल्या सूत्राने निघणारे सांकेतिक ठसे, काढायचे आणि फक्त हॅश जुळवायचे. हॅशवरून मूळ नंबर काढता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतंच. डॉक्टरही तयार झाले. मॅडमचं मत विचारलं गेलं ते जवळजवळ शिष्टाचार म्हणून.

मॅडमनी एका एमएस्सीच्या विद्यार्थ्याला बोलावून सगळ्यांसमोर गणित करायला लावलं. भारतातला मोबाइल नंबर दहा अंकी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे शक्य नंबर सगळे मिळून ४०० कोटी. हॅश उलटा फिरवता येत नाही हे खरं, पण ४०० कोटी नंबरांचे हॅश काढून ठेवायला कोण अडवतं? गेम खेळायच्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शेकडो कोटी शा-२५६ काढतं. विद्यार्थ्याने डॉक्टरांचाच नंबर हॅश करून घेतला, विभागातल्या साध्या मशीनवर प्रोग्राम लावला आणि चहा संपायच्या आत नंबर पडद्यावर आणला. डॉक्टर काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त त्या कंत्राटदाराकडे पाहिलं.

आधार क्रमांक घेतला तर? तो बारा अंकी, पण पहिला अंक ० किंवा १ नसतो आणि शेवटचा पडताळणीचा असतो, म्हणून शक्यता उरतात ८ हजार कोटी. त्याच कार्डाला एखादं मिनिट लागेल. शिवाय २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खासगी संस्थांनी आधारच्या वाटेला जाण्यात अर्थच नव्हता.

हे नवीन नव्हे. न्यूयॉर्क शहराने टॅक्सींच्या १७ कोटींहून अधिक फेऱ्यांची माहिती खुली केली तेव्हा टॅक्सी क्रमांकांचे एमडी५ हॅश दिले होते. २०१४ मध्ये ते सगळेच्या सगळे उलगडले गेले, कारण टॅक्सी क्रमांकांचे प्रकारच मोजके. तरीही ‘हॅश केलं म्हणजे निनावी झालं’ ही समजूत आजही निविदांमध्ये लिहिलेली दिसते. मला विचाराल तर आपल्याकडच्या क्रिप्टोग्राफीच्या अभ्यासक्रमात आरएसए या प्रसिद्ध सांकेतिक पद्धतीच्या आधी हे ४०० कोटींचं गणित यायला हवं.

पुढचे पर्याय

हॅश बाद झाल्यावर तीन वाटा उरल्या.

पहिली, हॅशमध्ये गुप्त किल्ली मिसळायची. किल्ली रुग्णालय आणि कारखाना यांच्याकडे, जुळवणी मात्र किल्ली नसलेल्या तिसऱ्याने, म्हणजे आमच्या विभागाने करायची. हा पर्याय वाईट नव्हता. एका दिवसात झाला असता. पण विभागातला कोणीही आणि दोघांपैकी कोणीही एक झाले की सगळं उघड. आमचे निम्मे विद्यार्थी बीड, परळी, माजलगाव, गेवराई या भागातले. कोणाचा मामा मुकादम असेल ते सांगता येत नाही. मॅडम म्हणाल्या, “माझ्या विभागावर माझा विश्वास आहे, पण त्यांनी तो का ठेवावा?”

दुसरी वाट मॅडमच्या स्वतःच्या संशोधनाची. लबाड पक्षालाही पुरून उरणारा, विस्मृत हस्तांतरण (समोरच्याने दिलेल्यातलं काय उचललं हे देणाऱ्यालाही कळत नाही) नावाच्या तंत्रावर बांधलेला त्यांचा प्रोटोकॉल, म्हणजे दोन्ही पक्षांनी पाळायच्या पायऱ्या. लाखोंच्या याद्यांना तो झपाट्याने चालतो. मात्र तो चालवायला दोन्हीकडे चांगलं इंटरनेट एकाच वेळी चालू लागतं, कोड किचकट आहे आणि तो तपासू शकेल असं विभागात मॅडम सोडून कोणी नव्हतं.

तिसरी वाट जुनी. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांच्या १९७६ च्या कल्पनेवर उभी असलेली आणि कॅथरिन मेडोज यांनी १९८६ मध्ये मांडलेली. इथे गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, एवढ्यावर सगळं चालतं. याद्या काही हजारांच्या असल्या तर काम सेकंदांत होतं आणि फायली ईमेलने पाठवल्या तरी भागतं.

मॅडमनी तिसरी वाट निवडली. स्वतःचा प्रोटोकॉल बाजूला ठेवून चाळीस वर्षांपूर्वीचा उचलणं संशोधकाला सोपं नसतं. त्यावर पेपर होत नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कोड तीन वेगळ्या माणसांना वाचता आला पाहिजे, हे कारण त्यांनी दिलं. या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निर्णय हाच.

शेतकी ऑफिसमधला फळा

कारखान्याला पटवणं बाकी होतं. मुख्य शेतकी अधिकारी कृषी पदवीधर, व्यवहाराला पक्के. “आमचा नंबर तुमच्याकडे जाणार आणि तुम्हाला कळणार नाही, हे कसं काय?” असं त्यांनी सरळ विचारलं. गटांच्या ऊसनोंदीचा फळा होता, त्याचा एक कोपरा पुसून मॅडमनी गणित मांडलं. नियम एकच: प्रत्येक गुणाकारानंतर २३ ने भागायचं आणि बाकी ठेवायची.

साहेबांना एक आकडा धरायला सांगितला. त्यांनी ५ धरला. रुग्णालयाचा गुपित आकडा ६ आणि कारखान्याचा १५, असं ठरलं. पाचाचा सहावा घात, २३ ने भागून बाकी ८. पाचाचा पंधरावा घात, बाकी १९. एवढेच दोन आकडे एकमेकांना द्यायचे. मग कारखान्याच्या लिपिकाने मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ८ चा पंधरावा घात काढला: बाकी २. मॅडमनी १९ चा सहावा घात काढला: बाकी २. दोन्हीकडून तोच आकडा आला, कारण मूळचा आकडाही तोच होता. मूळ वेगळा असता तर शेवटही सहसा वेगळा आला असता. मधल्या ८ आणि १९ वरून मात्र ५ होता की अजून काही, हे गुपित आकडा नसलेल्याला ओळखता येत नाही.

“तेवीसच आकडे आहेत, मी सगळे करून बघीन,” साहेब म्हणाले. अचूक हरकत होती. प्रत्यक्षात २३ च्या जागी सत्त्याहत्तर अंकी संख्या असते आणि साध्या घातांऐवजी डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००६ मध्ये दिलेल्या वक्रावरचे बिंदू असतात. नाव किंवा नंबर आधी ठरलेल्या कृतीने त्या वक्रावरच्या बिंदूत बदलला जातो. तिथे सगळे करून बघायला विश्वाचं वय पुरत नाही. साहेबांनी लिपिकाला तो कोपरा पुसू नको म्हणून सांगितलं. पुढच्या भेटीला गेलो तर तो तसाच होता, शेजारी को ८६०३२ या ऊसजातीची नोंद.

आम्हाला नावं नको होती, संख्या हवी होती. त्यासाठी एक छोटी भर पुरते. कारखान्याने रुग्णालयाची यादी आपल्या गुपित आकड्याने फिरवून परत करताना पत्त्यांसारखी पिसून द्यायची. मग रुग्णालयाला किती जुळले ते दिसतं, कोण जुळलं ते दिसत नाही. हे प्रत्येक गटासाठी वेगळं करायचं आणि दर गटाला कारखान्याने नवा गुपित आकडा घ्यायचा, म्हणजे दोन गटांतले निकाल एकमेकांशी जोडता येत नाहीत.

ओळख कशावरून धरायची

प्रोटोकॉल उभा राहिला आणि खरी अडचण वर आली. जुळवायचं काय?

मोबाइल नंबर निरुपयोगी ठरला. शिबिरात बाई नवऱ्याचा नंबर सांगते, कधी शाळेतल्या पोराचा. कारखान्याच्या रजिस्टरात निम्म्या जोड्यांसमोर मुकादमाचाच नंबर. संचात एक घटक एकदाच धरला जातो, म्हणजे वीस बायका मिळून एक व्हायच्या. दोन्ही याद्यांत असल्याचं स्वतःहून सांगणाऱ्या काही जोड्यांवर चाचणी घेतली, तर बहुतेकींची जुळणी हुकली.

मग नावं. मराठी नावाच्या लेखनाबद्दल काय सांगावं! संगीता-संगिता, सुनीता-सुनिता, मीरा-मिराबाई, ज्ञानोबा-ग्यानोबा. रजिस्टर कुठे देवनागरीत, कुठे रोमन लिपीत. क्रिप्टोग्राफीला एक अक्षर बदललं तरी पूर्ण परका घटक वाटतो, तिथे ‘जवळपास सारखं’ अशी गोष्टच नाही. अंदाजे जुळणारे घटक गुप्तपणे शोधणं हा संशोधनाचा चालू विषय आहे, मॅडमना तो खुणावत होताच, आणि त्या त्यात शिरल्या. पावसाळ्याचा बराचसा भाग त्यात गेला. सुंदर गणित झालं, पण यादीच्या आकाराला ते न पेलणारं निघालं. डॉक्टर एकदा माझ्याकडे कुरकुरले, “बाईंना म्हणावं, टोळ्या दिवाळीनंतर निघतात, कॉन्फरन्सच्या तारखेला नाही.”

वाट सापडली ती रजिस्टराच्याच रचनेत. करार कोयत्याचा, म्हणजे नवरा आणि बायको दोघांची नावं एकाच ओळीत. शिबिराच्या कार्डावरही बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव. तिन्ही मिळून एक ओळख धरली. नावं आधी एकसारखी करून घ्यायची: ह्रस्व-दीर्घ काढून टाकायचं, ‘बाई’, ‘राव’, ‘बा’ असे शेवट गाळायचे, रोमनचं देवनागरी करायचं. नियम करताना एकमेकांच्या याद्या बघायच्या नव्हत्या, म्हणून सार्वजनिक मतदार याद्यांवर नियम तपासले. मतदार यादी कोणीही उतरवून घेऊ शकतो आणि आम्ही इकडे नावं झाकायला वक्रांवर बिंदू फिरवतोय, हा विरोधाभास कोणाच्या नजरेतून सुटला नाही.

ही तीन नावांची ओळख अंदाज लावायला फार सोपी आहे. साध्या हॅशमध्ये ती क्षणात उलगडली असती. समोरच्याच्या गुपित आकड्याशिवाय तपासताच येत नाही, म्हणून इथे चालली. मॅडमचा निर्णय इथे कामी आला.

तांड्यांनी शेवटी एकदा अडवलंच. बाई शिबिरात तांड्याचं नाव सांगते, रजिस्टरात ग्रामपंचायतीचं गाव असतं. कोणता तांडा कोणत्या गावात मोडतो याचा तक्ता गावातल्या आशाताईंनी (आशा आरोग्यसेविकांनी) एका दुपारी वहीच्या पानावर करून दिला. तोच मग कोडमध्ये गेला.

कोणापासून लपवायचं

संमतीचा कागद तयार करायला उशीर झाला होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे तो मराठीत आणि साध्या भाषेत हवा, एवढं ठरलं होतं. एका तांड्यावरच्या समाजमंदिरात तो वाचून दाखवला. ‘आपली माहिती साखर कारखान्याला कळणार नाही’ या वाक्याला एक बाई हसल्या.

“कारखान्याचं काय वो, ते लांब. मुकादमाला नका कळू देऊ. उचल देताना तोच म्हणतो, हिला न्यायची नाही.”

तोवरच्या सगळ्या मांडणीत दोन पक्ष होते, रुग्णालय आणि कारखाना. दोघेही ‘प्रामाणिक पण चौकस’, म्हणजे पायऱ्या नीट पाळतील आणि मिळालेल्यातून जमेल तेवढं काढून घेतील, असं गृहीत. मुकादम कुठल्याच पायरीत नव्हता. शेतकी ऑफिसमधला लिपिक आणि मुकादम रोज एकत्र चहा घेतात, ही गोष्ट सिद्धतेत कुठे लिहायची?

त्या दुपारनंतर दोन बदल झाले. आधी निकाल दोघांनाही कळणार होता. आता तो फक्त रुग्णालयाला कळायचा, कारखान्याला यादीची लांबी सोडून काहीच नाही. आणि गाडी ज्या गटात उभी राहील तिथे ती नावं पुकारणार नाही. गाडी एखाद्या गटात येते म्हणजे तिथे आजारी बायका जास्त, एवढं तर कोणीही ताडेल. निकाल कितीही झाकला तरी त्यावरून केलेली कृती दिसतेच. म्हणून येईल त्याला तपासायचं, पुरुषालाही, पोरालाही.

उलट बाजूचीही शंका होती. रुग्णालयाने यादीत एकच खरं नाव आणि बाकी हजार बनावट घातली, तर तीच बाई कोणत्या गटात आहे ते संख्येवरून समजेल. लबाड पक्षाविरुद्धची सिद्धतासुद्धा इथे हात टेकते, कारण आपल्या संचात काय घालायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. यावर कागदी तोडगा निघाला. शिबिराच्या पावतीपुस्तकाचे क्रमांक छापील होते. शिबिरं संपली त्या दिवशी यादी आणि एक लांब यादृच्छिक संख्या यांचा मिळून हॅश काढून तो सगळ्यांना दिला, म्हणजे नंतर यादी बदलली तर पकडता येईल. प्रत्येक गटाची जुळवणी एकदाच. अगदी लहान गट कारखान्याने आधीच शेजारच्या गटात मिसळून टाकले.

प्रत्यक्ष काम

कोड तपासताना दोन गोष्टी निघाल्या. गुपित आकडा पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या नेहमीच्या रँडममधून, म्हणजे यादृच्छिक संख्या देणाऱ्या सोयीतून, घेतला जात होता. त्यातून निघालेल्या ६२४ संख्या पाहिल्या की पुढच्या सगळ्या सांगता येतात, हे प्रसिद्ध आहे. तो बदलला. दुसरी जास्त धोक्याची: यादी परत देताना पिसायची ओळच कोडमध्ये नव्हती. उत्तर बरोबर येत होतं, सगळ्या चाचण्या पास होत होत्या, आणि कोण जुळलं तेही दिसत होतं. फोडण्याच्या इराद्याने कोणी वाचेपर्यंत ती उणीव दिसली नसती.

एका नोंदीला ३२ बाइट, म्हणजे पाच हजारांची यादी १६० किलोबाइटची. गट ऑफिसमधलं नेट बंद होतं त्या दिवशी फाइल पेन ड्राइव्हवरून गेली, बिघडलं काही नाही.

फायली किती दिवस ठेवायच्या यावर मॅडम अडून बसल्या. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलेल्या पद्धतीने पुरेसा मोठा क्वांटम संगणक हे वक्र मोडू शकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने क्वांटमला टिकणारी मानकं जाहीर केली ती किल्ली ठरवण्यासाठी आणि सह्यांसाठी. आमच्या कामाला ती थेट लागू पडत नाहीत. बाईचा आजार वीस वर्षांनीही तिचाच असतो, म्हणून निकाल निघाला की मधल्या फायली आणि गुपित आकडे दोन्हीकडून पुसायचे, असं करारात घातलं.

निष्पत्ती

आकडे आले ते जानेवारी सरता सरता. दोन गटांत शिबिरातल्या बायका ठळकपणे जास्त होत्या आणि त्यातला एक गट डॉक्टरांच्या अंदाजात अजिबात नव्हता. गाडी तिथे कोप्यांच्या (मजुरांच्या झोपड्यांच्या) तळाजवळ उभी राहिली. पहिले दोन दिवस मुकादम लांबून बघत होते. तिसऱ्या दिवसापासून तेच पाठदुखीच्या गोळ्यांना रांगेत.

शिबिराचं कार्ड घेऊन येणाऱ्या बायका अपेक्षेपेक्षा कमी आल्या, बिनकार्डाच्या जास्त. कार्ड दाखवणं म्हणजे चारचौघांत आपण आधीच आजारी होतो हे सांगणं, हे परतीच्या शिबिरात बायकांनीच सांगितलं. त्यामुळे नोंद झालेल्यांपैकी किती जणींपर्यंत उपचार पोचला हे नीट मोजता आलं नाही. यादी फुटली नाही, ही एक बाजू समाधानाची.

या कामावरचा लेख ‘नवीन काही नाही’ अशा शेऱ्यासह परत आला. यादी आधीच हॅशने बांधून घेण्याच्या भागातून मॅडमना एक सैद्धांतिक प्रश्न मिळाला आहे आणि त्यावर त्यांचा एक पीएचडीचा विद्यार्थी काम करतोय.

वेगळं काय करता आलं असतं

तांड्यावरची बैठक सगळ्यात आधी व्हायला हवी होती. शत्रू कोण हे ठरवल्याशिवाय प्रोटोकॉल निवडला गेला; योगायोगाने तो नव्या चौकटीतही बसला. विस्मृत हस्तांतरणाची वाट धरली असती तर निकालाची दिशा बदलायला बरंच कोड पुन्हा लिहावं लागलं असतं.

अंदाजे जुळणीमागे गेलेला पावसाळा माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महाग खर्च. आशाताई आणि ऊसतोड विभागाचा लिपिक यांना पहिल्याच आठवड्यात शेजारी बसवलं असतं तर ‘जोडी आणि गाव’ ही ओळख तेव्हाच निघाली असती आणि आकडे डिसेंबरात हाती आले असते. मॅडमना हे पूर्ण मान्य नाही. त्या शोधात काय जमत नाही हे पक्कं कळलं, आणि ते कळल्याशिवाय सोप्या ओळखीवर आपण समाधान मानलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्या पक्षाकडून किल्लीसह जुळवणी करून पहिला हंगाम भागवावा आणि दुसऱ्या हंगामाला प्रोटोकॉल आणावा, असंही एक मत बैठकीत होतं. वेळेच्या हिशोबाने ते चुकीचं नव्हतं.

कार्डाऐवजी काय, यावर रुग्णालय सध्या विचार करतंय. पुढच्या हंगामाची नावांची नियमावली आणि तांड्यांचा तक्ता पितृपक्षाआधी दोन्हीकडे पोचवायचं ठरलं आहे. आता दुसऱ्या एका कारखान्यानेही तयारी दाखवली आहे, पण त्यांची अट अशी की आपल्याकडे आलेल्यांपैकी किती जणी शिबिरात होत्या, तो आकडा आम्हालाही कळावा. मॅडमनी कळवलं आहे की गटवार आकडा मिळणार नाही, साऱ्या कारखान्याचा मिळून एकच मिळेल, आणि तोही टोळ्या गावी परतल्यावर. कारखान्याचा होकार अजून आलेला नाही.